भूक गेली ते वर्ष

माझी भूक गेली तो मंगळवार होता. तारीख एकोणीस ऑगस्ट २०३६.

जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. हल्ली बाजारात स्कॅनरच्या खोल्या झाल्यात. बाई आत उभी राहिली की यंत्र माप घेतं आणि अर्ध्या तासात शिवलेला कपडा हातात देतं. तरी बायका माझ्याकडं येतात, कारण कुठं घट्ट हवं आणि कुठं श्वासाला जागा हवी हे यंत्राला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी उपाध्येकाकू बाह्या सैल करून घ्यायला आल्या होत्या. मी टाके उसवत होते, त्या समोर बसून सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "चेलना, बरं नाही का गं तुला? तुझा डबा अजून तसाच आहे."

मी घड्याळाकडं पाहिलं. साडेअकरा वाजले होते. रोज या वेळेपर्यंत माझा पहिला डबा रिकामा झालेला असायचा, चिवड्याचा पुडा संपलेला असायचा, आणि समोरच्या हॉटेलात भज्यांचा घाणा कधी पडतो इकडं माझा कान लागलेला असायचा. बोलताना, शिवताना, हिशेब करताना, अगदी कुणाच्या मयताला बसल्यावरही माझं अर्धं डोकं जेवणात असायचं. एकतीस वर्षं.

आमच्या जुन्या घराला लागून पिठाची गिरणी होती. ती दिवसभर चालायची, त्यामुळं तिचा आवाज आम्हाला ऐकूच यायचा नाही. वीज गेली की मात्र एकदम दचकायला व्हायचं. तसं झालं. आत काहीतरी थांबलं होतं. मी घाबरले. काकू गेल्यावर मिरजेला डॉ. रेश्मा जमादारांना फोन लावला.

"मॅडम, मला काहीतरी होतंय."

"काय होतंय?"

"काही होत नाहीये, हेच. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या. त्यानंतर खायची आठवणच नाही."

मग त्यांच्या आवाजात हसू आलं. "चेलना, याला पोट भरणं म्हणतात. बाकीच्यांचं रोज दोनदा भरतं. तुझं आज पहिल्यांदा भरलंय."

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि मशिनवर डोकं टेकून खूप रडले. आनंदानं नाही. मला अमोघची आठवण आली होती.

अमोघ माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. आमचं गाव कृष्णेच्या काठावर, जयसिंगपूरपासून सहा किलोमीटरवर. आण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात चिटबॉय होते. उसाच्या फडांची नोंद ठेवायची आणि शेतकऱ्यांना तोडीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, हे त्यांचं काम. आई त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या जैनांच्या घरांत तेव्हा ही अगदी नेहमीची सोयरीक होती. आईला माहेर सोडल्यासारखंही वाटलं नाही, आत्याच्याच घरी तर आली होती.

आम्ही दोघंही जन्मलो तेव्हा चारचौघांसारखेच होतो, तीन-तीन किलोचे. पण दूध संपलं की आमचं रडं सुरू व्हायचं आणि पुन्हा दूध मिळेपर्यंत थांबायचं नाही. वर्षाची झाले तेव्हा मी सतरा किलोची होते. आधी सगळ्यांनी कौतुक केलं. खात्यापित्या घरची पोरं म्हणून लोक उचलून घ्यायचे. मग उचलवेनाशी झाल्यावर कौतुक थांबलं.

आमची भूक म्हणजे काय होती ते सांगायला मला अजून शब्द सापडलेले नाहीत. लोकांना वाटायचं आम्हाला चवीचं वेड आहे. गोठ्यात म्हशीसाठी भिजत घातलेली सरकीची पेंड आम्ही मुठीमुठीनं खाल्लीय. म्हैस आमच्याकडं बघत राहिली होती. पेंडीला काय चव असते? अमोघला डब्यांच्या झाकणांचे आवाज ओळखता यायचे. परसात खेळताना मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "आक्का, गुळाचा." आणि खरंच आईनं गुळाचा डबा उघडलेला असायचा.

शेवटी आईनं स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप घातलं. गावातल्या डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. किल्ली तिच्या कमरेला असायची. मोजून दोन भाकरी, भाजी, आमटी, ताक. त्यावर आम्ही हातापाया पडलो तरी काही मिळायचं नाही.

मग दुपारी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत फरशीवर उताणे पडायचो आणि अमोघ जेवण सांगायचा.

"आज काय?" मी विचारायची.

"आज लग्न आहे."

"कुणाचं?"

"कुणाचं का असेना. पंगत बसलीय. मी इकडं, तू माझ्या शेजारी. आधी मीठ वाढलं. लिंबू. आता कोशिंबीर येतीय, थांब, घाई करू नको."

घाई तो कधीच करायचा नाही. शेंगदाण्याच्या चटणीपासून खपली गव्हाच्या खिरीपर्यंत त्याची पंगत तासभर चालायची. वाढप्याचा आवाज काढायचा, द्रोण कलंडला की सावरायचा, माझ्या पानात जास्त वाढायला लावायचा. कधीकधी त्यात बटाट्याची भाजीही असायची. आमच्या घरात जमिनीखालचं काही येत नसे, म्हणून ते वाढताना तो आवाज एकदम खाली आणायचा. माझ्या तोंडाला एवढं पाणी सुटायचं की गिळून गिळून घसा दुखायचा. शेवटी तो म्हणायचा, "आता ताकभात. पोटाला आराम." आणि आम्ही दोघं खरंच जेवल्यासारखे पडून राहायचो. आयुष्यात मी इतकी सुखी पुन्हा कधी झाले नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व यायचं. दहा दिवस गावातली मंडळी उपास करायची. आठ-नऊ वर्षांच्या पोरीसुद्धा एकभुक्त राहायच्या आणि देवळात त्यांचं कौतुक व्हायचं. संयमाच्या दिवशीचं प्रवचन ऐकताना आई मान वर करायची नाही. तिला वाटायचं, सगळं देऊळ आपल्याकडं बघतंय. एकदा एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली होती, "त्रिशला, तू एवढी व्रतं करतेस, पण पोरांना काही वळण लावलं नाहीस." घरी येऊन आईनं आम्हाला मारलं, आणि मग स्वतः दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही.

अमोघला वरचेवर ताप यायचा. छाती भरायची. २०२३च्या सप्टेंबरात त्याला न्यूमोनिया झाला आणि सांगलीला दवाखान्यात ठेवलं. तो चौदा वर्षांचा होता, मी अठरा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याजवळ बसले होते, आई औषधं आणायला खाली गेली होती. नर्सनं त्याचं ताट आणून ठेवलं. वरणभात, दुधीची भाजी, एक केळं. अमोघ ऑक्सिजनचा मास्क लावून झोपला होता. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी ताटाकडं पाहायचं नाही असं ठरवलं. खिडकीबाहेर पाहिलं. शंभरापर्यंत आकडे मोजले. मग मी ते ताट ओढून घेतलं आणि सगळं खाल्लं. केळ्याची सालही दातांनी खरवडली. मान वर केली तेव्हा अमोघ माझ्याकडं बघत होता. पुन्हा डोळे मिटले त्यानं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. आण्णा चार वर्षांनी हृदयविकारानं गेले, त्यांनाही नाही. आईनं अमोघ गेल्यावर स्वयंपाकघराला पुन्हा कधी कुलूप घातलं नाही, आणि ती स्वतः दिवसातून एकदाच जेवायला लागली. आम्ही जयसिंगपूरला राहायला आलो. दोघी एका घरात राहत होतो, पण अमोघचं नाव आमच्यात निघायचं नाही. मी दुकानात एकटी बसून खायची. माझं वजन एकशे बावन्न किलो झालं.

२०३६च्या उन्हाळ्यात दुकानाच्या पायरीवरून पडून माझा गुडघा फुटला, म्हणून मी मिरजेला गेले. हाडाच्या डॉक्टरांनी मला वरच्या मजल्यावर डॉ. जमादारांकडं पाठवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाबद्दल नव्हता. "तुझे आईवडील एकमेकांचे नातेवाईक आहेत का?" त्यांनी विचारलं. मग गालाच्या आतून कापसानं पुसून घेतलं आणि दोन आठवड्यांनी मला आईसकट बोलावलं.

डॉक्टरीणबाई सांगलीच्या. त्यांनी आईला विचारलं, "महापुराच्या दिवसांत तुम्ही सकाळी उठून आधी काय बघता?"

"आयर्विन पुलाची पातळी," आई म्हणाली.

"बरोबर. तिथला माणूस पाणी मोजतो आणि कचेरीला फोन करतो. कचेरी धरणाला कळवते, आता पाणी सोडू नका. तुमच्या शरीरातली चरबी तो पाणी मोजणारा माणूस आहे. तिच्यातून लेप्टिन नावाचं एक रसायन निघतं. चरबी वाढली की ते वाढतं, रक्तातून मेंदूत जातं आणि सांगतं, साठा भरपूर आहे, आता खाणं थांबवा. मेंदूत ते ऐकणारा एक फोन असतो. आता समजा, कचेरीतला तो फोनच जन्मापासून नाही. नदी पुलाला टेकली तरी कचेरी काय म्हणेल?"

"नदी कोरडी पडलीय म्हणेल."

"आणि धरणाला?"

"सोडा म्हणेल." आईचा आवाज बारीक झाला होता. "आणखी सोडा म्हणेल."

"चेलनाच्या मेंदूत तो फोन नाही. तो बनवण्याची सूचना ज्या जीनमध्ये असते, त्यात एक अक्षर चुकलंय. प्रत्येकाकडं त्या जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक चुकली तर काही बिघडत नाही, दुसरीवर काम भागतं. तुमची एक चुकलेली होती, तुमच्या यजमानांचीही एक. दोघांकडं ती बहुतेक एकाच आजोबांकडून आली. चेलनाला दोन्ही चुकलेल्याच मिळाल्या. तिचं शरीर कितीही जाड असलं तरी तिच्या मेंदूच्या हिशेबी ती उपाशी मरायला टेकलेली आहे. अशा मुलांना जंतूंशीही नीट लढता येत नाही. वरचेवर ताप येतो, छाती भरते."

मग आई म्हणाली, "मला एक मुलगा होता."

"चेलनानं सांगितलं मला," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

औषधाचं त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. फोन नसला तरी कचेरीत पुढं एक घंटा आहे. फोन आला की कारकून ती वाजवतो आणि खाणं थांबतं. हे औषध थेट जाऊन ती घंटाच दाबतं. पूर्वी ते परदेशात रोज टोचून घ्यावं लागायचं. आता काडेपेटीतल्या काडीएवढी कांडी दंडाच्या कातडीखाली बसवतात आणि ती सहा महिने पाझरत राहते. मग नवी बसवायची, जन्मभर. औषधानं कातडी काळवंडते, कारण कातडीला रंग देणारी घंटाही तसल्याच घडणीची असते आणि हे औषध तिलाही थोडं दाबतं.

बाहेर आल्यावर आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मग मी कुलूप कुणाला घातलं होतं गं?"

मी तिच्या शेजारी बसून राहिले.

आठ ऑगस्टला कांडी बसवली आणि अकरा दिवसांनी तो मंगळवार आला.

त्यानंतर माझं वजन उतरू लागलं. दर महिन्याला मी माझेच कपडे आत घेऊन शिवत होते. संक्रांतीपर्यंत मी एकशे दहावर आले. जिना न थांबता चढायला लागले. रंग दोन छटांनी गडद झाला, आणि गालांतून हाडं वर येऊन मला आण्णांचा चेहरा आला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बारीक झालीस, पण रंग गेला बघ." मला त्याचं काही वाटत नव्हतं.

वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आईनं स्वयंपाकाचा धडाका लावला होता. एवढ्या वर्षांत घरात गोडधोड झालं नव्हतं, आणि आता आज पुरणपोळी, उद्या शेंगदाण्याची पोळी, परवा खपलीची खीर. लहानपणी आम्ही जे जे मागितलं आणि मिळालं नाही, ते ते सगळं ती करत होती. यादी तिला पाठ होती. माझ्यासमोर ताट ठेवून ती हनुवटीवर हात टेकून बसायची.

"खा की."

"खाल्लं आई. एक पोळी खाल्ली."

"एवढंच? आणखी एक घे. तूप घालते."

"नाही जात गं आता."

एके दिवशी तिनं ताट जोरात उचललं आणि मोरीकडं गेली. पाठमोरीच म्हणाली, "तेव्हा तुम्ही मागत होता आणि मी दिलं नाही. आता मी देतेय तर तुला नको. देवानं मला बरोबर पकडलंय."

आणि दुसरं म्हणजे अमोघ. दुपारी दुकान बंद करून मी आतल्या खोलीत फरशीवर उताणी पडायची आणि त्याची पंगत आठवायची. मीठ, लिंबू, कोशिंबीर. शब्द सगळे आठवत होते, पण तोंडाला पाणी सुटत नव्हतं. कुणीतरी दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी तसं वाटायचं. त्याचा आवाजही पुसट होत चालला होता. आम्हा दोघांत जगात दुसऱ्या कुणालाच न कळणारी एक गोष्ट होती, आणि ती माझ्यापुरती संपली होती. तो मात्र अजून तिथंच, त्या भुकेत बसलाय आणि मी त्याला एकट्याला सोडून उठून आले, असं मला वाटायला लागलं.

फेब्रुवारीत कांडीची मुदत संपली. मी मिरजेला गेले नाही. आईला सांगितलं, नवी बसवली. दंडावर उगीच पट्टी लावली. दवाखान्यातून दोनदा फोन आला, मी उचलला नाही.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी समोरच्या हॉटेलातून भज्यांचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी हातातली कात्री खाली ठेवली आणि डोळे मिटले. "घाई करू नको," अमोघ म्हणाला. अगदी कानाशी. त्याचा चौदाव्या वर्षीचा फुटू लागलेला आवाज. किती दिवसांनी तो मला धड ऐकू आला होता. मी तशीच बसून त्याची सगळी पंगत ऐकली, ताकभातापर्यंत.

घरी जाऊन मी आईला खीर करायला सांगितली आणि चार वाट्या खाल्ल्या. आईचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी केलं ते बरोबरच केलं. दोन दिवस आम्ही दोघी खूप सुखात होतो.

तिसऱ्या दिवसापासून भूक खरी झाली. अमोघचा आवाज तिच्याखाली दबला. पंगत नाही, गोष्ट नाही, नुसती भूक. भूक इतकी गोड आठवत होती, कारण तिच्यातून सुटून मला सहा महिने झाले होते. आत असताना ती कशी असते ते मी विसरले होते.

रविवारी आई दुपारचं देवळात गेली. मी शिजवून ठेवलेलं सगळं संपवलं. मग डबे उघडले. गूळ, शेंगदाणे, पोहे. मग डाळीचं पीठ कोरडंच. मी ओट्याखाली फरशीवर बसून मुठीनं पीठ तोंडात भरत होते, ठसका लागत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दारात आई उभी होती. मला ती दिसत होती. तरी माझा हात थांबला नाही.

"आई, मला थांबता येत नाहीये," मी म्हणाले. "मी कांडी बसवलीच नाही."

ती ओरडली नाही. येऊन माझ्यासमोर फरशीवर बसली. तिनं पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला. मी पाणी प्यायले आणि पुन्हा डब्यात हात घातला. ती बघत राहिली.

"असं व्हायचं? लहानपणीसुद्धा?"

"रोज."

"त्यालाही?"

"त्यालाही."

मग मी तिला सांगितलं. अमोघचं ताट, वरणभात, केळं, त्यानं उघडलेले डोळे. तेरा वर्षांत पहिल्यांदा. पीठ भरलेल्या तोंडानं मी ते सांगितलं.

आई म्हणाली, "माहीत आहे मला. मी परत वर आले होते, दारातच होते."

मी तिच्याकडं बघत राहिले.

"त्या दिवशी सकाळी त्यानं मास्क बाजूला केला आणि मला म्हणाला, आई, मला भूक नाही. जन्मात पहिल्यांदा म्हणाला. म्हणाला, माझं ताट आलं की आक्काला दे." आई थांबली. तिनं माझ्या हातातला डबा धरला, पण काढून घेतला नाही. "आणि चेलना, मी खूश झाले. पर्वाचे दिवस होते. मला वाटलं, पोराला संयम आला. मी खाली गेले ते औषधासाठी नाही. तुझ्या आण्णांना फोन करायला गेले होते, की बघा, आपला अमोघ सुधारला म्हणून. तापानं त्याची भूक मारली होती गं, आणि मी आनंदानं सांगत सुटले."

"मला सांगायचं होतंस."

"सांगणार कसं? ताटाचं सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं."

आम्ही दोघी तिथंच ऊन कलेपर्यंत बसलो. मी खात होते आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. सोमवारी सकाळी ती स्वतः मला घेऊन मिरजेला गेली. कांडी बसवताना माझा दुसरा हात तिनं धरून ठेवला होता.

डॉ. जमादार मला रागावल्या नाहीत. त्यांनी आईसमोर एक कागद ठेवला आणि माहेरचं सगळं गोत विचारलं, आजोबांपासून खाली. कोण कुणाला दिली, कुणाला किती मुलं. आई सांगत गेली, त्या रेघा ओढत गेल्या. एका ठिकाणी आई थांबली. निपाणीजवळ तिचा चुलतभाऊ राहतो. त्याच्या नातीला, आर्जवीला, अडीच वर्षं झाली होती. तिचे आईवडीलही आते-मामेभावंडं. आईनं तिला एका लग्नात पाहिलं होतं. "सगळे तिला उचलून घेत होते," आई म्हणाली, "आणि ती सारखी पानाकडं हात करून रडत होती."

पुढच्याच आठवड्यात आम्ही निपाणीला गेलो. आर्जवीची आजी, सुवर्णामामी, आम्हाला चहा देऊन म्हणाली, "आमच्या पोरीला काही झालेलं नाही. गुटगुटीत आहे. उगीच जीनबीन म्हणून घराण्याला बट्टा लावू नका. घरात अजून दोन पोरी लग्नाच्या आहेत." आर्जवीची आई, अक्षता, आत उंबऱ्याशी उभी होती. तिच्या कडेवरची पोर बिस्किटासाठी आकांत करत होती, आणि सुवर्णामामीनं ओरडून सांगितलं, "देऊ नको तिला, आत्ताच खाल्लंय."

मला वाटलं, आता आई उठेल. माणसांसमोर ती कधी जास्त बोलायची नाही.

आई म्हणाली, "वहिनी, माझा अमोघ न्यूमोनियानं गेला असं तुम्हाला माहीत आहे. तो कसा जगला ते सांगते." आणि तिनं सांगितलं. कुलूप, किल्ली, मार, सरकीची पेंड, सगळं. फोनवर आण्णांना काय सांगितलं तेही सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. सांगताना रडली नाही, आवाजही चढवला नाही. मध्येच अक्षता बाहेर आली आणि खाली बसून ऐकू लागली. आईचं बोलणं संपलं तेव्हा तिनं सासूकडं बघितलं नाही. आईला विचारलं, "आत्या, मिरजेला केव्हा न्यायचं?"

तपासणीत दोन्ही प्रती चुकलेल्या निघाल्या. लहान मुलांसाठी अर्धी कांडी असते. तिसरं वर्ष संपायच्या आत आर्जवीला ती बसली.

हे गेल्या वर्षीचं. यंदा दिवाळीनंतर आम्ही दोघी पुन्हा निपाणीला गेलो. आई आता दोन वेळा जेवते. मी ब्याऐंशी किलोवर आहे. अमोघचा आवाज मला रोज ऐकू येत नाही, पण आता घरात त्याचं नाव निघतं. आई त्याच्या खोड्या सांगते, मी त्याच्या पंगती सांगते. आईला त्यातली बटाट्याची भाजी माहीतच नव्हती. ती ऐकून म्हणाली, "मेल्यानं स्वप्नातसुद्धा धर्म बुडवला," आणि डोळे पुसले.

आम्ही अंगणात शिरलो तर अक्षता भाताची वाटी घेऊन आर्जवीच्या मागं पळत होती. पोरगी सडपातळ झालेली, सावळी, केसांना दोन रिबिनी. ट्रॅक्टरच्या चाकामागं लपली होती. अक्षतानं आम्हाला पाहिलं आणि तिथूनच कपाळावर हात मारला.

"बघा की हो आत्या, काय करू हिला? दोन घास खाल्ले की पळती. सकाळपासून पोटात काही नाही. ही पोरगी जेवतच नाही!"

आई अंगणाच्या मधोमध उभी राहिली. मला वाटलं, तिला काही लागलं की काय. मग ती हसायला लागली. इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. अक्षताला काही कळेना, ती माझ्याकडं बघायला लागली. मला सांगता येईना, कारण मीही हसत होते.

आई उठली. पदर खोचला, अक्षताच्या हातातून वाटी घेतली आणि ट्रॅक्टरकडं निघाली. आर्जवी किंचाळून गोठ्याकडं पळाली. सत्तावन्न वर्षांची माझी आई तिच्यामागं पळाली. "एकच घास, माझी बाय, एवढा एकच," म्हणत तिनं सगळ्या अंगणाला तीन फेऱ्या मारल्या.

पोरीनं तोंड उघडलं नाही ते नाहीच.